रंगवलेलं सागवान

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि आमच्या शंकर नगरच्या गल्लीतलं एकेक घर बदलायला लागलं. कुणी वरचा मजला चढवला आणि नव्यानं बदली होऊन आलेल्या साहेबांना भाड्यानं दिला. समोरच्यांनी अंगणातलं पेरूचं झाड तोडून गाडी ठेवायला जागा केली. शेजारच्यांनी छताखाली दुसरं पांढरं छत लावून त्यात दिवे बसवले आणि आम्हाला मुद्दाम बोलावून ते लावून-विझवून दाखवले. आमच्याकडे काहीच बदललं नव्हतं. पुढच्या खोलीची ती लांब भिंत अजून तशीच होती, खालपासून वरपर्यंत प्लायवुडच्या उभ्या पट्ट्यांनी मढवलेली, काळपट तपकिरी.

ते पॅनेलिंग बाबांनी करवून घेतलं होतं. मी तेव्हा शाळेत होते. त्यांना रेल्वेत बढती मिळाली होती आणि कुठल्याशा मोठ्या साहेबाच्या बंगल्यावर त्यांनी तसली भिंत पाहिली होती. महिनाभर सुतार घरात होता. वर गडद पॉलिश चढलं, तेव्हा बाबा खुर्ची टाकून त्या भिंतीकडे तोंड करून चहा प्यायले होते. पुढे वर्षं गेली तसं पॉलिश आणखी काळं पडलं. खोलीला खिडकी एकच, तीही एका कोपऱ्यात. भर दुपारी ट्यूबलाइट लावल्याशिवाय पेपर वाचता येत नसे. पट्ट्यांमधल्या खाचांत धूळ बसायची आणि दिवाळी आली की आई दातांचा जुना ब्रश घेऊन एकेक खाच घासत बसायची.

मग एका सकाळी दाढी करता करता बाबा आरशासमोरच खाली बसले. आम्ही धावत गेलो तेव्हा अर्ध्या गालावर साबण होता आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

दवाखान्यातून घरी आले ते उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गमावूनच. एक शब्द तेवढा राहिला. हव. छत्तीसगडीत हव म्हणजे हो. रेल्वेच्या रुळांवर काम करणाऱ्या माणसांशी बोलताना ते तो वापरत असतील, पण घरात त्यांच्या तोंडून तो मी कधी ऐकल्याचं आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं; कोणता शब्द राहील ते कुणाच्या हातात नसतं. त्यांना कळतं बरंचसं, पण किती, ते आम्हीही सांगू शकत नाही.

आईला त्या शब्दाचंच जास्त लागलं. "जन्मभर माह्याशी मराठीत बोलले," ती म्हणायची, "अन् राहिलं काय, तर हव."

पाणी पाहिजे का, विचारलं तर हव. नको का, तर हव. पंखा लावू? हव. बंद करू? हव. कधी तो शब्द मऊ यायचा, कधी चिडून, कधी दोन-तीनदा लागोपाठ, जणू त्यांनी एक पूर्ण वाक्य बोलून संपवलं आहे आणि आता उत्तराची वाट बघत आहेत. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचो. मग ते डोळे मिटून घ्यायचे.

त्यांची खाट आम्ही पुढच्या खोलीत लावली, कारण चाकांची खुर्ची तिथूनच न्हाणीघरात जाऊ शकत होती. खाट जशी बसली तशी बसली. उशीवर डोकं टेकलं की समोर सगळी ती भिंत.

रोज दुपारी हातापायांचा व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "दीदी, इस कमरे में तो उजाला ही नहीं है," त्या मला म्हणाल्या. "बाबूजी को पता कैसे चलेगा कि दिन है कि रात?"

त्या गेल्यावर आई स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरत बसली. मग म्हणाली, "काढून टाक ते."

"काय?"

"ते लाकूड. माणूस कोठडीत पडल्यासारखा वाटून राहिला. मले तर ते पहिल्यापासूनच नाही आवडलं."

"मग इतकी वर्षं घासत काहून होतीस?"

तिनं बाबांच्या खोलीकडे मान केली. "यायले आवडत होतं म्हणून."

बाबांना विचारल्याशिवाय त्यांची भिंत उखडायची म्हणजे त्यांना घरातून आधीच वजा केल्यासारखं झालं असतं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, भिंतीकडे हात केला आणि सावकाश म्हणाले, "बाबा, हे लाकूड काढून टाकायचं का?"

"हव."

"की राहू द्यायचं?"

"हव," ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही.

सुतार येऊन बघून गेला. पट्ट्या भिंतीत ठोकलेल्या लाकडी गुट्ट्यांवर बसवल्या होत्या. त्या ओढल्या तर त्यांच्याबरोबर अर्धी भिंत सोलून येईल, आणि धूळ इतकी उडेल की आजारी माणसाला त्या घरात ठेवता येणार नाही. बाबांना दुसरीकडे कुठे ठेवणार होतो? म्हणजे रंगच द्यायचा. आई म्हणाली, पांढरा द्या, मोकळी होऊ द्या खोली. मी म्हटलं, नको. डोळे उघडल्यावर समोर दवाखान्यासारखी पांढरी भिंत नको. लाकूड दिसू दे, फक्त उजळ दिसू दे.

हे माझ्या डोक्यात आलं ते तेलीबांध्याला. मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंनी तिकडे नवीन घर बांधलं होतं, त्याच्या वास्तुशांतीला मी गेले होते. बैठकीत एक खांब होता, अगदी सागवानाचा, रेषा, गाठी, सगळं. मी सहज हात लावला तर गार लागला. सिमेंट होतं. वर नुसता रंग. असं काम करणारा पेंटर त्यांनीच मला सांगितला.

तो आला तेव्हा गालात पानाचा तोबरा होता आणि बोलणं थांबत नव्हतं. राजधानी झाल्यापासून त्याला श्वास घ्यायला फुरसत नाही, कुठकुठल्या बंगल्यांत त्यानं दारं, खांब, लोखंडी कपाटंसुद्धा सागवानाची करून टाकली आहेत, हे त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. मग खाटेजवळ जाऊन वाकला.

"बाबूजी, सागौन बना दूँ? एकदम असली?"

"हव," बाबा म्हणाले.

"लो!" तो आमच्याकडे वळला. "बाबूजी ने पास कर दिया."

मी त्याला समजावून सांगायला लागले की ते सगळ्यालाच तसं म्हणतात, त्याचा अर्थ हो असेलच असं नाही. तो ऐकून घेत होता, पण त्याला ते पटलं नाही. "नहीं दीदी," तो म्हणाला, "बाबूजी समझ के बोले हैं." आणि मला एकदम वाटलं, कदाचित त्याचंच खरं असेल. आम्ही घरातल्यांनीच त्यांचं हो म्हणणं धरायचं सोडून दिलं असेल.

काम सुरू झालं. घड्याळ, आजी-आजोबांचा फोटो, कॅलेंडर, सगळं भिंतीवरून उतरलं. त्यानं रेगमालचा खरखरीत कागद पाण्यात भिजवून पट्ट्या घासल्या, म्हणजे धूळ उडायला नको. तांबूस-काळं पाणी खाली अंथरलेल्या पोत्यावर ओघळत होतं. बाबांना तेवढ्यापुरतं आतल्या खोलीत ठेवलं होतं. मग खिडकीच्या बाजूच्या अर्ध्या भिंतीवरची खिळ्यांची भोकं बुजवून झाली, तेवढ्यावरच रंगाखालचा अस्तराचा हात झाला आणि वर सायीसारखा पिवळसर रंग चढायला लागला. अर्धी भिंत झाली आणि खोलीत खरंच उजेड आला. आई दारात उभी राहून बघत होती. "पाय न इकडे, केवढी मोठी होती ही खोली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पेंटर आलाच नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. फोन केला तर कुठल्याशा साहेबांच्या बंगल्यावर तातडीचं काम निघालं होतं, साहेबांचा गृहप्रवेश होता, तिथून सुटका नव्हती. "बस आया समझो दीदी," तो म्हणायचा. आठवडा गेला, दुसराही सरत आला.

बाबांना किती दिवस आत ठेवणार? त्यांची खाट आम्ही परत पुढे आणली. समोर अर्धी भिंत पिवळी, अर्धी काळी. त्याच दुपारी त्यांनी डावा हात उचलला आणि बोट दाखवलं. जिथं पिवळा रंग संपून काळं लाकूड सुरू होत होतं, तिथं, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर.

"हव," ते म्हणाले. मग पुन्हा. मग मोठ्यानं.

आजारपणानंतर त्यांनी आपणहून काही दाखवण्याची ती पहिलीच वेळ होती. आई पोळ्या टाकून आली. "काय पाहिजे? सांगा न जी. काय दिसून राहिलं तिथं?"

मी भिंतीपाशी गेले, त्या जागी हात ठेवला. "हे?" हव. हात थोडा वर सरकवला. "हे?" हव. खाली. हव. मी घड्याळ आणून तिथं धरलं. त्यांनी मान वळवली. फोटो आणला, कॅलेंडर आणलं. खिडकी उघडली, बंद केली. पाणी दिलं तर त्यांनी ओठ घट्ट मिटले. मी गुडघ्यांवर बसून पट्टीला कान लावला, किडा-बिडा असेल, उंदीर असेल. काही नव्हतं. मागे वळून बघितलं तर बोट तसंच होतं आणि बाबांच्या कपाळावर घाम आला होता.

हे रोज व्हायला लागलं. जेवण झालं, व्यायामाच्या बाई गेल्या, की बोट वर. मला खात्री वाटत होती की त्यांना जुनी भिंत हवी आहे. आपण हौसेनं केलेली वस्तू डोळ्यांदेखत पुसली जाते आहे आणि ते म्हणताहेत, थांबवा. आईला तितकीच खात्री होती उलट गोष्टीची.

"अर्धवट ठेवलं म्हणून चिडून राहिले ते," ती म्हणाली. "पूर्ण करा म्हणून राहिले. काम अर्धं ठेवलेलं यायले कधी खपलं का?"

"आई, त्यांना रंग नकोय."

"तुले कोणी सांगितलं?"

"तुला कोणी सांगितलं?"

कोण बरोबर होतं ते सांगू शकणारा माणूस तिथंच पडला होता, आमच्याकडे बघत. मी त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, "बाबा, आई म्हणते ते खरं का?" ते म्हणाले, हव. "मी म्हणते ते?" हव. आई पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

एकदा मी शाळेतून पाटी आणली, खडू त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी खडू नीट धरला, पाटीवर टेकवला. एक वाकडी रेघ निघाली, मग तिच्यावरच दुसरी, मग तिसरी. ते थांबले, पाटीकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला पुन्हा बघायचं नव्हतं. मी पाटी उचलून ठेवून दिली.

शेवटी पेंटर उगवला. त्याच्यावर ओरडायचं मी मनाशी ठरवलं होतं, पण दारात त्याला बघून इतकं हायसं वाटलं की मी चहाच टाकला. राहिलेली भिंत पिवळी झाली आणि मग खरं काम आलं. तपकिरी रंगात तारपीन आणि वार्निश घालून त्यानं पातळ पाणी केलं, ते पट्टीवर फिरवलं आणि ओलं असतानाच त्यावरून फाटक्या बनियनचा बोळा ओढत खाली आणला. रेषा उमटल्या. मग एक कंगवा, मधले मधले दात तोडलेला. मग रबराचा एक गोल तुकडा, जो झुलवत खाली आणला की लाकडाच्या गाठी उमटत. तो गुणगुणत होता, मधे मधे मागे सरकून मान तिरकी करून बघत होता. खरं सांगायचं तर बघायला मजा येत होती. आम्ही दोघी उभ्याच होतो.

वास फार होता म्हणून आम्ही बाबांना चाकांच्या खुर्चीवर बसवून आत न्यायला निघालो. भिंतीजवळून जाताना त्यांनी डावा हात चाकावर घट्ट ठेवला. खुर्ची थांबली. ती त्यांची बोट दाखवायची रोजचीच जागा होती. त्यांनी हात पुढे केला आणि चारही बोटं ओल्या रंगात टेकवून आडवी ओढली. नुकत्याच उमटलेल्या उभ्या रेषांवरून, एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर, हात पोचला तिथवर.

"अरे अरे, बाबूजी!" पेंटर ओरडला.

आई हसली. दवाखान्यातून आल्यापासून ती पहिल्यांदा हसली, तोंडावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाबांच्या घशातूनही काहीतरी आवाज आला. तो हसण्याचा होता की दुसरा कसला, मला आजही सांगता येणार नाही. त्यांची बोटं तपकिरी झाली होती आणि ते त्या चार आडव्या रेघांकडे बघत होते.

"राहू द्या ते," मी पेंटरला म्हणाले. "भैया, वो रहने दो."

पण बोलेपर्यंत त्याचा बोळा फिरलासुद्धा होता. रंग सुकायच्या आत पुसायला हवं, नाहीतर सगळी पट्टी बिघडेल, हे तो मला पुसता पुसताच समजावून सांगत होता. त्यानं पुन्हा पातळ रंग फिरवला, कंगवा ओढला, एक गाठ काढली, पहिलीपेक्षाही सुंदर. "देखो, पता भी नहीं चलेगा," तो समाधानानं म्हणाला. त्याचं काय चुकलं होतं? तो त्याचं काम करत होता. मी रॉकेलच्या फडक्यानं बाबांची बोटं पुसली. त्यांनी ती पुसू दिली.

वार्निश सुकल्यावर भिंत फार छान दिसली. उशीवरून बघितलं तर मऊ उजेडाचं सागवान, दुपारी दिवा लावायची गरज नाही. येणारे-जाणारे म्हणत, अरे वा, सगळं नवीन लाकूड लावलं का? आई आता हौसेनं सांगायची की रंग आहे म्हणून. फोटो आणि घड्याळ पुन्हा वर गेलं.

बाबांचं बोट दाखवणं मात्र थांबलं नाही. तीच जागा. तिथं आता बाकी भिंतीसारख्याच रेषा होत्या, काळं-पिवळं काही उरलं नव्हतं. आमची दोघींची भांडणं त्यामुळे आपोआप संपली. तिचंही खरं नव्हतं, माझंही नव्हतं. मी त्यांच्या उशीवर डोकं ठेवून, त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत भिंत बघून पाहिली. त्या जागी स्टूल ठेवलं, मग काढलं. आई तिथं जाऊन नुसती उभी राहिली. "मी दिसली का आता?" तिनं विचारलं. काही उपयोग झाला नाही.

मग ते कमी होत गेलं. रोजचं दोन दिवसांनी, मग कधीतरी. एका दुपारी व्यायामाच्या बाई जाताना म्हणाल्या, "आजकल बाबूजी कितने शांत हो गए हैं. अच्छा है." आई खूश झाली. बाईंसाठी तिनं डबाभर चिवडा बांधून दिला.

मी खाटेवर त्यांच्याजवळ बसले. डावा हात चादरीवर पडलेला होता. मला आठवलं की गेल्या कित्येक दिवसांत तो वर गेलेला नाही. जे सांगायचं होतं ते सांगून झालं नव्हतं. ते सांगायचेच थांबले होते, कारण ऐकणाऱ्यांना काही कळत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

"बाबा," मी म्हणाले, "तिकडे काय आहे? दाखवा न मले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांचा हात उचलला, बोट सरळ केलं, भिंतीकडे धरलं. त्यांनी धरू दिलं. मी बोटाच्या रोखानं बघितलं, रंगवलेल्या रेषा, एक गाठ, खाली फरशी. मी हात सोडला तसा तो चादरीवर परत आला.

त्यानंतर बाबा वर्षभर होते. डाव्या हातानं जेवायला शिकले, उशीला टेकून बसायला लागले. आईनं आपली खुर्ची खिडकीजवळ ओढून घेतली होती. नागपूरचा पेपर आमच्याकडे एक दिवस उशिरा यायचा, तो ती त्यांना रोज दुपारी वाचून दाखवायची, बातम्या, भाव, हवामान, सगळं. निधनाच्या बातम्या तेवढ्या गाळायची. मी आतल्या खोलीत वह्या तपासत बसायचे. वाचता वाचता तिचा आवाज मधेच थांबायचा. ती त्यांच्याकडे बघत असणार. मग पान उलटल्याचा आवाज यायचा आणि ती पुढचं वाचायला घ्यायची.